सर्व्हरवर कोण आलं, कोण गेलं: ‘हू’, ‘डब्ल्यू’, ‘लास्ट’ की सरळ लॉग?

कॉलेजची लॅब असो की नागपुरातल्या परसोडीच्या आयटी पार्कमधलं दहा-बारा जणांचं ऑफिस, लिनक्स सर्व्हर बहुधा एकाच माणसाच्या अंगावर पडतो आणि त्याच्यामागे दुसरीही दहा कामं असतात. मग कुणीतरी विचारतं, ‘काल रात्री सर्व्हरवर कोण होतं?’ हात सवयीनं ‘हू’ टाइप करतो. उत्तर येतं, पण ते आत्ताचं असतं, कालचं नव्हे. मथळ्यातल्या या कमांड एकीला बदली दुसरी म्हणून वापरता येत नाहीत, कारण प्रत्येकीची वही वेगळी आहे. म्हणून निवड करताना नाव किंवा सोपेपणा बघू नका, ती कुठली फाइल वाचते ते बघा.

‘हू’ आणि ‘डब्ल्यू’ या दोघी आत्ताच्या. पारंपरिकपणे दोघीही यूटीएमपी नावाच्या फाइलमधून वाचतात. ‘हू’ मोजकं सांगते: युजर, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी), लॉगिनची वेळ, कुठून आला. वर मथळ्याची ओळ नसते, त्यामुळे स्क्रिप्टला, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कमांडींच्या फाइलला, ती सोयीची. ‘डब्ल्यू’ माणसासाठी आहे. पहिल्याच ओळीत मशीन किती वेळ चालू आहे आणि लोड, म्हणजे कामाचा ताण, किती आहे ते दिसतं, खाली प्रत्येक युजर किती वेळ गप्प आहे आणि कोणती कमांड चालवतोय ते. प्रॅक्टिकलच्या तासाला सर्व्हर रेंगाळला की मी आधी ‘डब्ल्यू’च मारतो. लोड सहावर गेलाय, एका पोट्ट्याचं टर्मिनल दोन तास गप्प आहे आणि त्याचा प्रोग्रॅम मात्र अनंत लूपमध्ये फिरतोय, हे सगळं एका नजरेत कळतं. एक काळजी घ्या. गप्प टर्मिनल म्हणजे कीबोर्ड गप्प, काम थांबलेलं नव्हे. कुणाचा प्रोजेक्टचा हिशेब चार तास चालणारा असू शकतो. सेशन (त्याचं चालू लॉगिन) मारण्याआधी त्याला विचारा.

‘हूॲमआय’ सलग लिहिली तर या घडीला तुम्ही कुठल्या युजरच्या अधिकारानं काम करताय ते सांगते. तीच सुटी करून ‘हू ॲम आय’ लिहिली तर मुळात लॉगिन कुणी केलं ते. रूट (सगळे अधिकार असलेला युजर) झाल्यावर दोन्हींची उत्तरं वेगळी येतात, आणि कामं कुणी केली हे शोधताना दुसरीच उपयोगी पडते.

मागचं बघायला ‘लास्ट’. ती डब्ल्यूटीएमपी ही फाइल वाचते आणि ताज्या नोंदीपासून मागे जाते. माझ्या मते नागपुरात हिचा सगळ्यात मोठा उपयोग लॉगिनसाठी नाहीच, ‘लास्ट रीबूट’साठी आहे. मे महिन्यात दुपारी लाइट गेली, यूपीएसनं मान टाकली, लाइट आल्यावर मशीन आपोआप उठलं. संध्याकाळी कुणी म्हणालं की माझं काम मध्येच कुणीतरी बंद केलं, तर वाद घालायची गरज नाही. त्याच्या सेशनच्या ओळीत लॉगआउटच्या वेळेऐवजी ‘क्रॅश’ लिहिलेलं असतं आणि त्याच्या वर रीबूटची ओळ. माणूस बाहेर पडला नाही, मशीन पडलं.

‘लास्ट’वर विसंबताना तीन गोष्टी माहीत हव्यात. बऱ्याच डिस्ट्रोमध्ये (डेबियन, उबंटूसारख्या लिनक्सच्या प्रकारांत) ही फाइल दर महिन्याला फिरवली जाते, म्हणजे बाजूला ठेवून नवी सुरू होते, आणि जुनी एकच ठेवली जाते. महिन्याच्या दोन तारखेला यादी आखूड दिसली तर घाबरू नका, ‘एफ’ पर्याय देऊन जुनी फाइल उघडा. दुसरं, लांब युजरनेम ती कापून दाखवते, पूर्ण हवं तर ‘डब्ल्यू’ पर्याय लावा. रोल नंबरवरून युजरनेम ठेवलेल्या लॅबमध्ये अख्खा वर्ग एकाच नावाचा दिसू शकतो. तिसरं, क्लाउडवरचे सर्व्हर सहसा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतात. आपण सकाळी दहाला लॉगिन केलं की तिथे साडेचार दिसतं. पहाटे साडेचारला कोण घुसलं म्हणून कुणावर संशय घेण्याआधी साडेपाच तास मिळवा.

‘लास्टबी’ फसलेले प्रयत्न दाखवते आणि तिला रूटचा अधिकार लागतो. यामागे ठोस कारण आहे: घाईत कुणी युजरनेमच्या जागी पासवर्ड टाइप करतो आणि तो तसाच नोंदला जाऊ शकतो. पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता) असलेल्या सर्व्हरवर ही यादी फार लांब निघते, त्यामुळे ती वाचायची नसते, मोजायची असते. ‘लास्टलॉग’ प्रत्येक युजरचं फक्त शेवटचं लॉगिन सांगते. पास होऊन गेलेल्या बॅचची खाती शोधायला ‘बी’ पर्यायापुढे ९० लिहा, नव्वद दिवसांहून जुनी नावं समोर येतात.

आता ज्यांना पुरावा हवाय त्यांच्यासाठी. जुन्या डब्ल्यूटीएमपी पद्धतीत एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवरून सुरक्षित लॉगिन करायची पद्धत) टर्मिनल उघडलं तरच नोंद होते. एसएफटीपीनं, म्हणजे त्याच वाटेनं फाइली नेण्या-आणण्याच्या सोयीनं, कुणी फोल्डर उचलून नेलं तर ‘लास्ट’मध्ये त्याचा मागमूसही नसतो. ते सापडतं लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या घडामोडींच्या नोंदींत: डेबियन-उबंटूवर ऑथ-लॉग, रेडहॅट घराण्यात सिक्युअर नावाची फाइल, नाहीतर लॉग दाखवणारी ‘जर्नलसीटीएल’ ही कमांड. मामला गंभीर असेल, फाइल गायब झाली असेल, तर इकडे वेळ लागला तरी लॉगच वाचा. ‘लास्ट’ची यादी काढून प्राचार्यांपुढे किंवा मालकापुढे ठेवली आणि ‘बाकी कुणी आलंच नव्हतं’ म्हटलं, तर एखाद्या निर्दोष माणसावर बालंट येऊ शकतं.

नवा सर्व्हर बसवत असाल तर आणखी एक. या जुन्या फाइलींमध्ये वेळेसाठी जेवढी जागा ठेवली आहे ती १९ जानेवारी २०३८ला, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी संपते. म्हणून ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३नं ‘लास्ट’, ‘लास्टबी’ आणि ‘लास्टलॉग’ नेहमीच्या पॅकेजांतून काढून टाकल्या. ‘लास्ट’च्या जागी ‘डब्ल्यूटीएमपीडीबी’ आणि ‘लास्टलॉग’च्या जागी ‘लास्टलॉग२’ वेगळी इन्स्टॉल करावी लागते. जुन्या स्क्रिप्ट तिकडे नेणार असाल तर आधी हे तपासा.

स्क्रिप्टचं म्हणाल तर सुरुवात मोजणीपासून करा. ‘हू’चा आउटपुट ‘ऑक’ला (रकाने वेगळे करणारी कमांड) देऊन पहिला रकाना काढा, मग ‘सॉर्ट’, मग ‘युनिक’ला ‘सी’ पर्याय. कोण किती टर्मिनल उघडून बसलाय ते आलं. मधला ‘सॉर्ट’ गाळू नका, ‘युनिक’ फक्त लागून आलेल्या सारख्या ओळी एकत्र करते. ‘लास्टबी’साठी पहिल्याऐवजी तिसरा रकाना घेतला की कुठल्या पत्त्यावरून किती धडका बसल्या ते कळतं. इथे ‘कट’पेक्षा ‘ऑक’ बरी, कारण रकान्यांमधल्या मोकळ्या जागा कमी-जास्त असतात आणि ‘कट’ प्रत्येक जागा वेगळी मोजते.

बॅश की साधं एसएच? दोन्ही शेल, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणारे प्रोग्रॅम. शिकायला आणि ऑफिसच्या कामाला बॅश घ्या, पण पहिल्या ओळीत तसं लिहा आणि स्क्रिप्ट एसएचच्या नावानं चालवू नका. उबंटूवर ६.१० आवृत्तीपासून एसएच म्हणजे डॅश हा वेगळा शेल असतो, आणि दुहेरी चौकटी कंसांची अट डॅशला कळत नाही. स्क्रिप्ट हातानं नीट चालली की मगच क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) टाका. ‘लास्टबी’ असेल तर रूटच्या क्रॉनमध्ये. मशीन यूटीसीवर असेल आणि रिपोर्ट सकाळी नऊला टेबलावर हवा असेल, तर क्रॉनमध्ये वेळ ३ वाजून ३० मिनिटं लिहा.