पैसे आले म्हणून निर्धास्त राहिले

मी चीनमधल्या नानचिंगमध्ये एमबीबीएस करते. घर सांगलीचं. सप्टेंबर 2023 मध्ये इथे आले आणि मार्च 2024 मध्ये आमच्या घरातले 90,744 रुपये गेले. इतके दिवस मी हे लिहिलं नाही, कारण ते पैसे बाबांनी माझ्या शब्दावर पाठवले होते आणि मला ते आठवायचंही नव्हतं. पण आता नवी बॅच येतेय आणि ग्रुपवर पुन्हा तेच मेसेज दिसू लागलेत: 'आरएमबी आहेत, रुपये हवेत, रेट चांगला.' (आरएमबी म्हणजे युआन, इथलं चलन.) त्यामुळे आता गप्प बसणं मला जमत नाही.

घरच्यांसाठी आधी थोडं समजावून सांगते, कारण वीचॅट काय चीज आहे हे भारतात बसून कळत नाही. टेन्सेंट कंपनीचं हे ॲप 2011 पासून आहे. चिनी लोक त्याला वेइशिन म्हणतात. ते आपल्या व्हॉट्सॲपसारखं नुसतं बोलायचं ॲप नाही. वर्गाच्या नोटिसा त्यावर येतात, मेसचं जेवण, मेट्रो, होस्टेलचं वॉशिंग मशीन, दवाखान्याचा नंबर, सगळं त्यावरच चालतं. भाजीवाल्या आजीच्या गाडीलाही क्यूआर कोड टांगलेला असतो. भारत सरकारने 29 जून 2020 ला ज्या 59 चिनी ॲपवर बंदी घातली त्यात वीचॅट होतं, त्यामुळे आईबाबांच्या फोनवर ते नाही. इकडे व्हॉट्सॲप व्हीपीएनशिवाय चालत नाही. म्हणजे मी कुणाशी काय बोलते, कोण मला काय पाठवतं, यातलं काहीही बाबा पाहू शकत नव्हते. मी सांगेन तेवढंच त्यांना कळत होतं.

पैशांसाठी त्यात दोन कोड असतात. एक फुखुआन-मा, म्हणजे पैसे देण्याचा. तो दर मिनिटाला बदलतो, आणि दुकानदाराने तो स्कॅन केला की 1,000 युआनच्या आतली रक्कम पासवर्डशिवायही कापली जाते. म्हणून त्याचा स्क्रीनशॉट कुणालाही पाठवायचा नाही, हे सिनिअर लोक पहिल्याच दिवशी बजावतात. मलाही बजावलं होतं. दुसरा शौखुआन-मा, पैसे घेण्याचा. तो असा मिनिटामिनिटाला बदलत नाही. ज्याच्याकडे त्याचा फोटो आहे तो कुठूनही, कधीही त्यात पैसे टाकू शकतो. त्याबद्दल मला कुणीच काही सांगितलं नाही. मलाही वाटलं, पैसे येणारच आहेत, त्यात धोका कसला?

सगळा घोळ इथेच झाला.

होस्टेलचं भाडं आणि विमा मिळून मला साधारण 8,000 युआन भरायचे होते. बँकेतून पाठवायचे तर बाबांना शाखेत जाऊन फॉर्म भरावे लागणार, वर शुल्क, आणि पैसे यायला तीन-चार दिवस. भारतातलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड 2023 पासून वीचॅटला जोडता येतं, पण ते दुकानात चालतं, एका माणसाकडून दुसऱ्याला पैसे पाठवायला चालत नाही, आणि 200 युआनच्या वरच्या खरेदीवर तीन टक्के जातात. म्हणून मुलं आपापसात अदलाबदल करतात. ज्याच्याकडे युआन आहेत आणि घरी रुपये हवेत, तो मला इथे युआन देतो, माझे बाबा तिकडे त्याच्या घरी यूपीआयने रुपये टाकतात. ऐकायला किती सरळ वाटतं! पण हे भारतात फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या विरुद्ध आहे आणि चीनच्या परकीय चलनाच्या नियमांच्याही विरुद्ध. मला हे पोलीस चौकीत बसल्यावर कळलं.

आमच्या ग्रुपमध्ये कोल्हापूरकडचा एक सिनिअर आहे, त्याला सगळे दादाच म्हणतात. विमानतळावर घ्यायला तोच आला होता. एका शुक्रवारी मी ग्रुपवर विचारलं, कुणाकडे युआन आहेत का. दहा मिनिटांत मला वेगळी फ्रेंड रिक्वेस्ट आली. दादाचाच फोटो, दादाचंच नाव. 'हा माझा दुसरा अकाउंट, पहिल्याची लिमिट संपली,' असं लिहिलं होतं. मी स्वीकारली. वीचॅटमध्ये फोटो आणि टोपणनाव कुणीही कुणाचंही लावू शकतं, वेगळा असतो तो फक्त खालचा वीचॅट आयडी, आणि तो मी उघडून पाहिला नाही. त्याच्या मोमेंट्समध्ये, म्हणजे वीचॅटवर पोस्ट टाकायच्या जागेत, एकही पोस्ट नव्हती. दादा माझ्याशी नेहमी मराठीत बोलतो, 'अगं जेवलीस का' असं विचारतो. हा रोमन अक्षरांत हिंदी लिहीत होता. ते माझ्या लक्षात आलं होतं, हे सांगताना आजही जीभ जड होते. घाईत असेल, असं मी स्वतःलाच समजावलं.

बाजारात युआनचा भाव तेव्हा साडेअकराच्या वर होता. त्याने 11.40 सांगितला, फार स्वस्त नाही, त्यामुळे संशयही आला नाही. आधी 500 युआन करून पाहू, म्हणाला. चॅटमध्ये नारिंगी पट्टी आली, मी दाबली, ती फिकी झाली, पैसे माझ्या खात्यात. बाबांनी 5,700 रुपये टाकले. मग मोठी रक्कम. इथे तो म्हणाला, 'माझी आजची मर्यादा संपली. तुझा शौखुआन-मा पाठव, माझे मित्र टाकतील. आधी तुझ्याकडे सगळे येऊ देत, मगच बाबांना सांग.'

आधी तुझ्याकडे येऊ देत. या वाक्याने माझी उरलीसुरली शंका संपली. जो माणूस आधी पैसे देतो तो फसवेल कसा, असाच विचार कुणीही करेल. अर्ध्या तासात तीन वेळा फोन वाजला. 2,760, 2,760 आणि 2,440 युआन. नावं तिन्ही अनोळखी, चिनी. एकूण 7,960. 'बाकीचे 40 उद्या देतो,' म्हणाला. इथे रात्रीचे नऊ, सांगलीत साडेसहा. बाबांनी यूपीआय उघडलं आणि विचारलं, 'अगं, हे नाव तर कुण्या बाईचं दिसतंय, आणि बँक पण परराज्यातली. कोण आहे ही?' मी त्याला विचारलं. 'मामी,' तो म्हणाला. मी बाबांना सांगितलं, 'मामी आहे त्याची.' बाबांनी 90,744 रुपये पाठवले.

दुसऱ्या दिवशी मी भाडं भरून टाकलं.

नवव्या दिवशी दुपारी मेसमध्ये ताट घेऊन उभी होते, भात आणि टोमॅटो-अंड्याची भाजी, 14 युआन. कोड दाखवला, मशीनने नाकारला. पुन्हा दाखवला, पुन्हा तेच. स्क्रीनवर चिनी मजकूर होता. मागे रांग थांबलेली. शेवटी वर्गातल्या मैत्रिणीने पैसे दिले. मजकुराचं भाषांतर केलं तेव्हा कळलं, तक्रार आल्यामुळे माझ्या खात्याचे व्यवहार रोखले होते. संध्याकाळी दुसऱ्या प्रांतातून फोन आला, बोलणारा म्हणाला मी पोलीस आहे. खोट्या पोलिसांचे फोन इथे खूप येतात, म्हणून मी तो ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसमधल्या लाओशींनी, म्हणजे शिक्षिकेने बोलावलं. फोन खरा होता.

लाओशी माझ्याबरोबर पाइछुसोमध्ये, म्हणजे पोलीस चौकीत आल्या. अधिकाऱ्याने मला बिलांची यादी उघडायला लावली, एका नोंदीवर बोट ठेवलं आणि फोन माझ्याकडे वळवला. रकमेच्या खाली बारीक राखाडी ओळ होती, पाच चिनी अक्षरं. पैसे देणारा त्यात हवं ते लिहू शकतो. नऊ दिवस ती ओळ माझ्या खिशात होती आणि मी ती कधी वाचली नव्हती. लाओशींनी वाचली. 'कॉन्सर्टची तिकिटं.'

मग सगळं उलगडत गेलं. त्या माणसाने कुठेतरी कॉन्सर्टची तिकिटं विकायला काढली होती. तिघांनी विकत घ्यायचं ठरवलं, त्यांना त्याने पैसे भरायला माझा कोड पाठवला. त्यांचे युआन माझ्याकडे आले, आमचे रुपये त्याच्याकडे गेले, आणि त्याचं स्वतःचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही. त्या तिघांच्या तक्रारीत आरोपी मी होते. आणि चीनमध्ये अशा ऑनलाइन फसवणुकीत 3,000 युआनपासून फौजदारी गुन्हा धरला जातो. मी त्या खुर्चीवर बसून रडले. माझं चॅट, ग्रुपवरचा मेसेज, बाबांच्या यूपीआयची पावती, सगळं त्यांनी पाहिलं आणि मी साथीदार नाही हे मान्य केलं. ते चॅट जपून होतं म्हणून मी वाचले. वीचॅटचं चॅट तुमच्या फोनवरच असतं, पुसलं तर गेलंच. लाजेने, रागाने, घाबरून काहीही पुसू नका. फोन बदलायचा असेल तर आधी ते हलवा.

चौकीतूनच मी त्या माणसाला मेसेज केला. मेसेजच्या बाजूला लाल वर्तुळात उद्गारचिन्ह आलं आणि खाली ओळ, की समोरच्याने तो नाकारला आहे. खऱ्या दादाला फोन लावला. तो वॉर्डात ड्युटीवर होता. म्हणाला, 'अगं, मी आजवर कुणाशी पैसे बदललेच नाहीत. मला एक फोन तरी करायचास.' एक फोन. दुसरी इमारत, चौथा मजला, चालत पाच मिनिटं.

तिघांचे 7,960 युआन मला परत द्यावे लागले. ते न्याय्यच होतं, त्यातली एक माझ्याच वयाची मुलगी होती. पण ते पैसे मी भाड्यात भरून बसले होते. बाबांनी एफडी मोडली. तिकडे त्यांनी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली, सांगलीत सायबर पोलिसांकडेही गेले. रुपये त्याच रात्री वेगवेगळ्या खात्यांत वाटले जाऊन काढलेही गेले होते. 1930 वर पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम रोखली जाण्याची शक्यता असते, आम्ही नऊ दिवसांनी कळवलं. कारण फसलोय हेच ठाऊक नव्हतं.

ज्यांच्यावर हे ओढवेल त्यांनी माझ्यासारखं मेसमध्ये कळेपर्यंत थांबू नये. अनोळखी नावाने पैसे आले तर त्यांना हात लावू नका, खर्च करू नका, 'चुकून आले, या दुसऱ्या नंबरवर परत कर' असं कुणी म्हणालं तरी परस्पर पाठवू नका. वीचॅटच्या पेमेंट विभागाचा नंबर 95017, फसवणुकीबद्दल चौकशीचा 96110, पोलीस 110. चिनी येत नसेल तर लाओशींना घेऊन जा, त्या ओरडतील पण येतील. चौकीतून तक्रारीची पावती मागून घ्या.

ओळखीच्या प्रत्येकाच्या नावापुढे वीचॅटमध्ये स्वतःची खूण लावून ठेवा, नावाची जागा तुम्ही बदलू शकता. मी आता दादाला 'कोल्हापूर दादा चौथा मजला' असं ठेवलंय. नक्कल करणाऱ्याला फोटो मिळेल, ही खूण मिळणार नाही. ग्रुपचा क्यूआर सात दिवस चालतो. तो कुणी बाहेर टाकला की कोणीही आत येतं, आमच्याकडे तसंच झालं असावं. आणि पैसे पाठवताना सेटिंगमध्ये दोन तास किंवा 24 तास उशिराने पोहोचण्याची सोय आहे, ती चालू ठेवा.

एक गोष्ट पोटतिडकीने सांगते. 'तुझा वीचॅट महिनाभर भाड्याने दे, हजार युआन देतो' असं विचारणारेही भेटतील. तुमच्या पासपोर्टवर उघडलेलं ते खातं आहे. चीनमध्ये 1 डिसेंबर 2022 पासून ऑनलाइन फसवणुकीविरुद्ध वेगळा कायदा लागू आहे, खातं भाड्याने देणं गुन्ह्याला मदत ठरू शकतं. मला चॅटने वाचवलं. ज्याने मोबदला घेतलाय त्याला काय वाचवणार?

माझं खातं दोन महिन्यांनी पूर्ण सुरू झालं. तोवर रोख नोटा घेऊन फिरले. भाजीवाल्या आजीने डब्याच्या तळातून सुटे शोधून दिले. आता दर सत्राच्या दोन आठवडे आधी बाबा बँकेत जातात, परदेशात पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म भरतात, कॉलेजचं फीपत्र जोडतात. पैसे यायला चार दिवस लागतात. त्या चार दिवसांत ते रोज फोन करून विचारतात, 'आले का गं? कुणाच्या नावाने आलेत, वाचून दाखव.' मी वाचून दाखवते.