टोपली पावणेदोन किलोची, बिल वीस किलोचं: अवजड नव्हे, अवाढव्य मालाचं भाडं कसं लावावं?

आमच्याकडे बांबूच्या झाकणाच्या टोपल्या होतात, धुवायचे कपडे ठेवायच्या. काट्यावर टोपली जेमतेम पावणेदोन किलो भरते. पहिली टोपली कुरियरने पुण्याला पाठवली तेव्हा बिल वीस किलोचं आलं. वाटलं, दुसऱ्या कुणाचं बिल आमच्या नावावर फाडलंय. नव्हतं. खोका होता 40 × 40 × 60 सेंटिमीटरचा. तिन्ही मापांचा गुणाकार 96,000, त्याला 5000 ने भागलं की 19.2 किलो, आणि वरचं पूर्णांकात ओढून 20. कुरियरवाला खरं वजन आणि हे आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त ते धरतो. काही ठिकाणी भाजक 5000 पेक्षाही लहान असतो, म्हणजे बिल आणखी मोठं. तुमच्या कराराच्या कागदावर तो आकडा असतो, तो आधी शोधा.

लोकरीचे गालिचे, आकाशकंदील, वेताचे दिवे, पाळणे, कापूस भरलेल्या गाद्या-लोड यांचं दुखणं हेच. त्यामुळे 'डिलिव्हरी फ्री ठेवू की पैसे लावू' या प्रश्नाला मालावाचून उत्तर नाही. हिशेबापुरतं धरू: टोपली 1400 रुपयांची, भाडं महाराष्ट्रात किलोला 25, बंगळुरूकडे 32, दिल्लीला 40. म्हणजे एका खोक्याला 500, 640 आणि 800. हेच आकडे एकेका पद्धतीत घालून बघू.

मोफत डिलिव्हरी

मोफत म्हणजे किमतीत घातलेली. 1400 ची टोपली 1900 ला. गिऱ्हाईक खूश, कारण शेवटच्या पायरीवर 500 चा आकडा बघून ते पळत नाही. पण हाच माल तुम्ही प्रदर्शनातही विकता ना? तिथे टोपली 1400 ला आणि फोनवर 1900 ला. बाई स्टॉलसमोर उभी राहून मोबाइल काढून दाखवते, 'ही तुमचीच ना?' मग तुम्ही समजावत बसता. शिवाय कारखान्यावर येऊन स्वतःच्या गाडीत टाकून नेणाऱ्याने 1900 का द्यावेत?

तरी एका ठिकाणी मोफत चालतं, आणि छान चालतं: संचावर. आमच्या तीन टोपल्या एकात एक बसतात. संच 3200 चा, खोका तोच, भाडं तेच 500. एका टोपलीवर भाड्याचा बोजा किमतीच्या 36 टक्के, संचावर 16 टक्क्यांच्या आत. म्हणून सुट्या टोपलीला भाडं आणि संचाला महाराष्ट्रात मोफत, अशी पाटी आम्ही लावली. लोक दोन टोपल्यांपाशी थांबले की स्वतःच तिसरीची चौकशी करतात.

सरसकट एकच भाडं

सांगायला सोपं: 'कुठेही 550.' मुंबईकर 50 जास्त देतो, दिल्लीकर 250 कमी. ही सरासरी गिऱ्हाइकांचं मिश्रण आहे तसं राहिलं तरच टिकते. आणि ते राहत नाही, कारण ज्याला तुमचं भाडं स्वस्त पडतं तोच जास्त येतो. जवळचे कुरकुरतात, लांबचे मैत्रिणींना सांगतात. दिवाळीत दिल्लीकडच्या आठ-दहा ऑर्डर एकदम आल्या आणि आम्हाला आनंद झाला होता. हिशेब मांडला तेव्हा त्या प्रत्येक टोपलीतला नफा कुरियरवाला घेऊन गेला होता. छोट्या, पोस्टाच्या पाकिटात जाणाऱ्या वस्तूंना सरसकट भाडं ठीक. खोका मोठा झाला की नाही.

विभागवार भाडं, खोक्याच्या मापावर

माझं मत याच बाजूला आहे. तीन खोके (लहान, मधला, मोठा) आणि तीन विभाग. नऊ आकड्यांचा तक्ता एका कार्डावर मावतो. गिऱ्हाइकाला आकडा लगेच मिळतो, तुम्हाला खड्डा पडत नाही. लांबच्या विभागात पूर्ण 800 लावायचा धीर होत नसेल तर 100-150 आपल्या अंगावर घ्या, पण किती घेतोय ते माहीत असू द्या.

या पद्धतीला शिस्त लागते, आणि ती पॅकिंगच्या टेबलावर. खोक्यात कागदाचे बोळे जरा जास्त कोंबले की खोक्याला पोट सुटतं. कुरियरचं माप सपाट कडेला धरत नाहीत, सगळ्यात फुगलेल्या जागी धरतात. 40 चे दोन्ही बाजूंनी 44 झाले की 19.2 चे 23.2 किलो, वर ओढून 24. म्हणजे कागदाच्या चार बोळ्यांचे 100 रुपये. आता आम्ही खोका बंद केल्यावर तिन्ही बाजूंना मोजायची टेप लावून, आकडा दिसेल असा फोटो काढतो. वजनात फरक दाखवून जादा पैसे कापले गेले की हरकत घ्यायला मोजकेच दिवस मिळतात. तेव्हा फोटो असला तर बोलता येतं, नसला तर गप्प बसावं लागतं. एकदा गप्प बसलोय.

'विचारून सांगतो'

प्रत्येक ऑर्डरला खरं भाडं काढून कळवणं. सगळ्यात न्याय्य आणि सगळ्यात मारक. संध्याकाळी सातला विचारलेलं उत्तर दुसऱ्या दिवशी अकराला दिलं की गिऱ्हाईक थंड झालेलं असतं. टोपलीसाठी नको. पण सोफा, झोपाळा, मोठं टेबल यांना दुसरा इलाजही नाही. तिथे भाडं सांगण्याआधी मजला कितवा, लिफ्ट आहे का, लिफ्टच्या दाराची रुंदी किती, हे विचाराच. झोपाळा लिफ्टबाहेर उभा आणि हमाल पाच मजल्यांचे वेगळे पैसे मागतोय, असा फोन आला की तो आपल्यालाच येतो.

ट्रान्सपोर्ट, टू-पे

फर्निचर बिल्टीवर (ट्रान्सपोर्टवाल्याच्या माल-पावतीवर) टाकलं की कुरियरच्या मानाने बरंच स्वस्त पडतं. टू-पे म्हणजे भाडं घेणाऱ्याने सोडवताना द्यायचं. तुमच्या खिशाला तोशीस नाही. पण दादरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला 'भिवंडीच्या गोडाऊनमधून सोडवून घ्या' म्हणून बघा! दुकानदाराला, हॉटेलवाल्याला, रिसॉर्टवाल्याला टू-पे अंगवळणी असतं, घरगुती गिऱ्हाइकाला बिल्टी म्हणजे काय इथपासून सुरुवात. घरगुतीला पाठवायचंच असेल तर भाडं आणि हमाली आधी घेऊन 'पेड' करा, घरपोच आहे की गोडाऊनपर्यंत ते लेखी कळवा.

गाडीवर टाकणं

कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. रात्रीच्या मुंबईच्या ट्रॅव्हल्सवर नग टाकायचा, सकाळी गिऱ्हाइकाने स्टॉपवर जाऊन घ्यायचा. इथे 5000 चा भाजक नाही. क्लीनर खोक्याकडे बघतो, तुमच्याकडे बघतो आणि आकडा सांगतो. टोपलीला ते कुरियरच्या निम्म्यानेही होतं. एसटीची पार्सल सेवाही आहे, तिथे पावती मिळते. ट्रॅव्हल्सवर बहुतेकदा गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाइल हीच पावती. हरवलं तर हरवलं, म्हणून महागाचा माल टाकू नये. आणि मे महिन्यात विचारूच नका, डिकी आंब्याच्या पेट्यांनी भरलेली असते, तुमच्या हवेने भरलेल्या खोक्याला कोण जागा देतो?

ठरावीक शहरात बऱ्यापैकी मागणी असेल तर महिन्यातून एकदा स्वतःचा छोटा हत्ती न्या. तारीख आधी जाहीर करा, फेरीचा खर्च नगांवर वाटा. परतीचं रिकामं भाडंही त्यातच धरा, पहिल्या फेरीला आम्ही ते विसरलो होतो. दहा-बारा नगांखाली फेरी परवडत नाही.

कागदपत्रांचं दोन ओळींत. जीएसटी नोंदणी असेल तर बिलात लावलेलं डिलिव्हरीचं भाडंही मालाच्या किमतीत धरलं जातं आणि त्यावर मालाच्याच दराने कर लागतो, तेव्हा 500 घेतले म्हणजे 500 आपले असं नाही. आणि हस्तकलेच्या सवलतीमुळे नोंदणी न करता परराज्यात माल पाठवत असाल तर किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल (माल वाटेत असताना सोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) काढावं लागतं. एरवीची 50,000 च्या किमतीची मर्यादा तिथे लागू नाही.

कॅश ऑन डिलिव्हरी या मालाला ठेवूच नका. घेणाऱ्याने दार उघडलं नाही की पार्सल 'आरटीओ' होतं (लायसन्सवालं नव्हे, माल पाठवणाऱ्याकडे परत), आणि वीस किलोचं भाडं जाताना एकदा, येताना पुन्हा.

सध्या आमचं असं आहे: सुट्या टोपलीला खोकावार तक्ता, संचाला राज्यात मोफत, फर्निचरला पेड ट्रान्सपोर्ट, आणि मुंबईतल्या जुन्या गिऱ्हाइकांना गाडीवर. आकाशकंदील वेगळे. तयार कंदील 45 × 45 × 60 च्या खोक्यात 24.3 किलोचा होत होता, घडीचा केल्यावर 60 × 45 × 8 मध्ये 4.3 चा. टोपलीची घडी होत नाही, म्हणून तिचं माप थोडं आत घेतलं. आता खोका 38 × 38 × 50 चा, 14.4 किलो, पुण्याचं भाडं 500 वरून 375. विणणाऱ्या काकांना ते पटलेलं नाही, त्यांच्या मते टोपली बुटकी दिसते. साच्याच्या फळीवर 38 चा आकडा खडूने लिहिलाय, तो दर दोन-तीन दिवसांनी पुसलेला सापडतो.