टार्गेटेड एलडीपी सेशन: हाताने की आपोआप?

एलडीपी म्हणजे एमपीएलएस नेटवर्कमध्ये राउटरांनी एकमेकांना लेबलं (पॅकेट पुढे कुठे पाठवायचं हे सांगणारे आकडे) कळवायचा प्रोटोकॉल. सहसा थेट न जोडलेल्या राउटरशी तो चालवला की ते टार्गेटेड सेशन. ते हाताने लिहायचं की राउटरला आपोआप उभारू द्यायचं? स्यूडोवायरपुरतं (एमपीएलएसवरून दोन टोकं जोडणारी आभासी तार) काम असेल तर हा प्रश्न पडतच नाही. दुसरं टोक ठरलेलं असतं आणि सर्व्हिस कॉन्फिगर केली की सेशन तिच्यामागोमाग उभं राहतं. निवड करावी लागते ती रिमोट एलएफएसाठी (लिंक तुटताच ट्रॅफिक दूरच्या एका राउटरमार्गे वळवणारा, आधीच काढून ठेवलेला बॅकअप), कारण तिथे समोरचा राउटर कोण हे आपण नाही, टोपोलॉजी (नेटवर्कची जोडणी) ठरवते.

हाताने लिहिलेल्या सेशनची बाजू आधी. कोण कोणाशी बोलतंय हे कॉन्फिगमध्ये उघड दिसतं, प्रत्येक शेजाऱ्याला वेगळा पासवर्ड देता येतो, ऑडिटवाले खूश राहतात. नेटवर्क लहान असेल आणि लिंक, मेट्रिक (रस्ता निवडताना धरायची लिंकची किंमत) वर्षानुवर्षं बदलत नसतील, तर ही पद्धत चुकीची म्हणता येणार नाही.

पण सहा राउटरची एक रिंग घ्या: क, ख, ग, घ, च, छ, सगळीकडे मेट्रिक सारखं. क–ख लिंक तुटली तर 'क'साठी पीक्यू नोड (ती लिंक टाळून 'क'ला जो गाठता येतो आणि ज्याला 'ख' गाठता येतो, असा राउटर) एकच, समोरचा 'घ' (तोही एक्स्टेंडेड पी-स्पेस, म्हणजे 'क'च्या शेजाऱ्यापासून गाठता येणारे राउटरही, धरली तरच). म्हणून क–घ सेशन लिहून ठेवलं. पुढे ख आणि ग यांच्या मध्ये दोन नवे राउटर आले. आता 'घ'पासून 'ख'ला जायचे दोन्ही रस्ते चार-चार हॉपचे, म्हणजे त्यातला एक पुन्हा तुटलेल्या लिंकवरूनच. 'घ' बाद झाला, पीक्यू नोड 'ग' झाला. आणि क–घ सेशन? ते ऑपरेशनलच दाखवतं. अलार्म नाही, लॉगमध्ये ओळ नाही. 'ग'कडून लेबल मिळालेलं नसल्यामुळे बॅकअप रूट बसत नाही, आणि हे कळतं ते लिंक खरोखर तुटते तेव्हा. माझं मत फिरलं ते इथेच: सेशन पडलं तर कोणीतरी बघतं, फुकट उभं राहिलं तर कोणीच बघत नाही.

आपोआप पद्धतीत 'क' नवा पीक्यू नोड काढून त्याला स्वतःच टार्गेटेड हॅलो (सेशनआधी ओळख करून देणारं पॅकेट) पाठवतो. जूनोसमध्ये (ज्युनिपरच्या राउटरची प्रणाली) आयजीपीच्या (नेटवर्कच्या आतले रस्ते काढणारा प्रोटोकॉल) बॅकअप-एसपीएफ-ऑप्शन्सखाली रिमोट-बॅकअप-कॅल्क्युलेशन आणि एलडीपीखाली ऑटो-टार्गेटेड-सेशन, इंटरफेसवर लिंक-प्रोटेक्शन आधीच असेल तर एवढ्यावर भागतं. मात्र मॅक्सिमम-सेशन्स आणि टीअरडाउन-डिले (नको झालेलं सेशन पाडण्याआधीची वाट) डिफॉल्टवर सोडू नका. फडफडणाऱ्या लिंकमुळे पीक्यू नोड सारखा बदलत असेल, तर डिले थोडा वाढवल्यावर सेशनची उघडझाप बरीच थांबते, असा अनुभव आहे.

अडतं ते बहुतेक वेळा समोरच्या टोकाला. त्याने अनोळखी राउटरचा टार्गेटेड हॅलो स्वीकारला पाहिजे. आयओएसमध्ये (सिस्कोची प्रणाली) त्यासाठी 'डिस्कव्हरी टार्गेटेड-हॅलो ॲक्सेप्ट' लागतं. त्याला 'फ्रॉम' लावून आपल्या लूपबॅकचीच (राउटरांचे स्वतःचे कायमचे पत्ते) एसीएल (परवानगीची यादी) द्या, उघडं ठेवू नका. मिश्र नेटवर्कमध्ये हे हमखास राहून जातं. 'शो एमपीएलएस एलडीपी डिस्कव्हरी'मध्ये नुसतं 'एक्समिट' दिसलं आणि 'रिसीव्ह' नसेल, तर समजायचं की हॅलो जातोय, उत्तर येत नाही. दुसरा संशयित कंट्रोल प्लेनचा फिल्टर (खुद्द राउटरसाठी येणारी पॅकेटं गाळणारा). थेट शेजाऱ्यांसाठीचा लिंक हॅलो २२४.०.०.२ या मल्टिकास्ट (अनेकांसाठीच्या) पत्त्यावर जातो, टार्गेटेड हॅलो युनिकास्ट, म्हणजे एकाच राउटरच्या पत्त्यावर, असतो. एलडीपीचं पोर्ट यूडीपी ६४६ फक्त मल्टिकास्टसाठी उघडलेलं असेल तर साधे शेजारी चालतात, टार्गेटेड नाही. टीसीपी ६४६ सुद्धा सगळ्या लूपबॅकसाठी उघडं हवं. पासवर्डही प्रीफिक्स किंवा एसीएलला बांधावा लागतो. शेजाऱ्यागणिक देण्याची चैन इथे नाही.

आणखी एक. स्यूडोवायरच्या सेशनवर प्रीफिक्सची लेबलं अडवणारा फिल्टर असतो, तो सवयीने इथेही लावला जातो. रिमोट एलएफएला नेमकी तीच लेबलं हवी असतात: 'ख'कडे जायला 'ग' कोणतं लेबल वापरतो, हे 'क'ला या सेशनवरूनच कळतं. तेव्हा तो फिल्टर इथे नको. त्याची किंमत म्हणजे प्रत्येक सेशनमागे लेबलांचा पूर्ण साठा मेमरीत. जुन्या, लहान राउटरवर हे आधी तपासा.

सेगमेंट राउटिंगकडे (लेबलं एलडीपीशिवाय, आयजीपीतूनच वाटणारी पद्धत) जाणारच असाल तर टीआय-एलएफएला (त्यातली बॅकअपची पद्धत) ही सेशनं लागतच नाहीत, तेव्हा दोन्हींवर फार वेळ घालवू नका. नाहीतर स्यूडोवायर आहेत तशी राहू द्या आणि बॅकअपसाठी आपोआप पद्धत घ्या. सुरुवात ॲक्सेस रिंगपासून (ग्राहकांच्या बाजूची रिंग) करा, कारण तिथेच राउटर वाढत राहतात. कमांड टाकायच्या आधी त्या रिंगमधल्या प्रत्येक राउटरवर हॅलो स्वीकारायची ओळ आणि ६४६ चा फिल्टर बघून घ्या.