औलीच्या वळणांची तयारी पडवीत: रोलरवरचा बॅलन्स बोर्ड

रत्नागिरी-चिपळूणकडून औलीला किंवा गुलमर्गला स्की शिकायला निघायचं तर बर्फाआधी सराव कुठे करायचा, हा प्रश्न असतोच. त्यावर रोलरचा लाकडी बॅलन्स बोर्ड, म्हणजे सुट्या गोल नळकांड्यावर (रोलरवर) आडवी ठेवलेली, उभं राहून तोल सांभाळायची फळी, हे मनापासून सुचवावं असं साधन आहे. मात्र तो काय शिकवतो आणि काय बिघडवतो, दोन्ही माहीत हवं.

स्की वळते ती बाहेरच्या पायावर. डावीकडे वळताना उजवी स्की बाहेरची. तिच्यावर ठाम वजन आलं नाही तर भार आतल्या स्कीवर जातो, पाय फाकतात आणि माणूस आतल्या अंगाला कलंडतो. बोर्ड ही वजनाची अदलाबदल फार छान पक्की करतो. रोलर उजव्या पावलाखाली आणून तीन-चार सेकंद तिथेच धरायचा, मग सावकाश डाव्या पावलाखाली न्यायचा. घोटे, गुडघे, कंबर तिन्ही थोडे वाकलेले. हात पुढे, त्यात ताट आणि ताटात अर्धं भरलेलं फुलपात्र. नजर समोरच्या तुळशीवृंदावनावर. ताट रोलरबरोबर फिरायला लागलं की समजावं, बर्फावरही वळण पायांऐवजी खांद्यांनी घेतलं जाणार. तसं झालं की स्कीची शेपटी, म्हणजे मागचं टोक, घसरते आणि पुढचं वळण उशिरा सुरू होतं.

आता उणी बाजू. बोर्डावर वेग नसतो, म्हणून तोल राखायला कंबर थेट रोलरवर न्यावी लागते. उतारावर नेमकं उलट: कंबर वळणाच्या आत जाते, छाती बाहेरच्या स्कीकडे झुकते, आणि त्यातूनच स्कीची कड बर्फात रुतते. तेव्हा बोर्डावरून तळपायाला कळणारा दाब घ्या, कमरेची सवय घेऊ नका. दुसरं, हा बोर्ड फक्त डावीकडे-उजवीकडे हलतो. नवशिक्याची सर्वांत मोठी चूक, म्हणजे घाबरून टाचांवर मागे बसणं, इथे पकडलीच जात नाही. त्यासाठी फळीखाली लांबीच्या दिशेने अर्धगोल पट्टी ठोकलेला दुसरा, पुढेमागे डुलणारा बोर्ड लागतो. शक्य असेल तर तोही घ्या.

सुताराकडून करून घ्यायचा असेल तर 18 मिमीचा मरीन प्लाय, साधारण 80 बाय 30 सेंमी. रोलरला 110 मिमीचा पीव्हीसी पाइप चालतो, पण आत वाळू ठासून दोन्ही तोंडं लाकडी बुचांनी बंद करायची. पोकळ पाइप वजनाखाली दबतो. वरून सायकलची जुनी ट्यूब चढवली की घसरत नाही. फळीखाली दोन्ही टोकांना रोलर अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या बसवायच्या. त्यांचे स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, खाऱ्या हवेत साधे गंजतात. प्लायच्या कडांना व्हार्निशचे दोन हात द्या, नाहीतर पावसाळ्यात थर सुटतात.

जांभ्याच्या ओबडधोबड अंगणात नको. पडवीत खांबाशेजारी, सतरंजी अंथरून. रोज अर्ध्या मिनिटाच्या पाच खेपा पुरेत.

तयार बोर्ड घेताना आधी उलटा करून बघा. दोन्ही टोकांना आडव्या पट्ट्या नसतील तर रोलर सरळ बाहेर निसटतो आणि माणूस मनगटावर पडतो. तसला बोर्ड स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.