सायपायचं क्यूबिकस्प्लाइन: बरेच महिने वापरल्यानंतर

वर्कशॉपमधला छोटा रोबो आर्म ठरलेल्या पॉइंटांवरून फिरवायला मी पायथनमधल्या सायपाय या गणिती लायब्ररीचं क्यूबिकस्प्लाइन (दिलेल्या पॉइंटांतून गुळगुळीत वक्र काढणारं साधन) बरेच महिने रोज वापरतोय, आता हात चांगला बसलाय म्हणून लिहितोय.

सगळ्यात जास्त आवडतात ते याचे सांधे. दर दोन पॉइंटांमध्ये घन बहुपदीचा वेगळा तुकडा असतो, पण तुकडे जिथे जुळतात तिथे किंमत, पहिला डेरिव्हेटिव्ह आणि दुसरा डेरिव्हेटिव्ह तिन्ही दोन्हीकडून सारखे येतात, म्हणजे मोटरसाठी पोझिशन, स्पीड, अ‍ॅक्सिलरेशन कशातच उडी नाही. आधी सरळ रेषांनी पॉइंट जोडायचो तेव्हा प्रत्येक पॉइंटला आर्म ठक्कन हिसका द्यायचा, तो आवाज पार गेला. तिसरा डेरिव्हेटिव्ह मात्र पायऱ्यापायऱ्यांचाच राहतो, आमच्या आर्मला तेवढं चालतं.

टोकांच्या अटींकडे मात्र नीट लक्ष द्या. 6 पॉइंट घेतले तर 5 तुकडे, प्रत्येकी 4 म्हणून 20 सहगुणक, आणि पॉइंटांतून जाण्याच्या व सांधे जुळण्याच्या अटी भरतात 18च. उरलेल्या दोन आपण द्यायच्या, नाही दिल्या तर नॉट-अ-नॉट लागतं, म्हणजे दुसऱ्या आणि शेवटून दुसऱ्या पॉइंटला तिसरा डेरिव्हेटिव्हपण जुळवतात. डेटाला ते ठीक आहे, पण सुरुवातीचा स्पीड शून्य येईलच असं नाही आणि थांबलेल्या मोटरला तो शून्यच लागतो, म्हणून मी कायम क्लॅम्प्ड लावतो, म्हणजे दोन्ही टोकांना पहिला डेरिव्हेटिव्ह शून्य.

आता तक्रार. सारख्या अंतरावर 0, 0, 0, 1, 1, 1 देऊन बघा, क्लॅम्प्ड असूनही वक्र चढायच्या आधी 0 च्या खाली साधारण 0.11 ने जातो आणि चढल्यावर तेवढाच 1 च्या वर. बाजूला फिक्स्चर असेल तर आर्म सरळ धडकेल! हा बग नाहीये, दुसरा डेरिव्हेटिव्ह सगळीकडे जुळवायचा तर वळण आधीपासूनच घ्यावं लागतं, आणि म्हणूनच एक पॉइंट हलवला की थोडाथोडा का होईना अख्खा वक्र हलतो. पीचिप (सायपायचंच घन तुकड्यांचं दुसरं साधन) असं बाहेर जात नाही पण त्यात दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची हमी नाही, त्यामुळे सेन्सरच्या कॅलिब्रेशन टेबलला पीचिप आणि मोशनला हेच, अडचणीच्या जागी पॉइंट वाढवून.

अजून एक, एक्स्ट्रापोलेट आधीपासून चालू असतं, शेवटच्या पॉइंटपुढची वेळ विचारली तरी एरर न देता शेवटचा तुकडाच पुढे ताणला जातो. ते फॉल्स करून टाका, मग एनएएन (‘ही संख्याच नाही’ अशी खूण) येतो आणि कंट्रोलरला जायच्या आधीच पकडता येतो.