बेळगावातून आठ महिने, ४३ विमानं: विमान कंपनी निवडताना मी आता काय बघतो

उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या बॉडी ओततात. गिऱ्हाइकं सांभाळणं आणि त्यांच्या तक्रारी निस्तरणं हे माझं काम. गिऱ्हाइकं कोइमतूरला, बेंगळुरूच्या पीण्यात, थोडी अहमदाबादला. गेल्या जूनपासून जानेवारीअखेरपर्यंत ४३ विमानं झाली. खिशातल्या छोट्या वहीत प्रत्येकाची नोंद आहे: ठरलेली वेळ, प्रत्यक्ष सुटलेली वेळ, भाडं. चौथा रकाना जुलैत वाढवला. काही बिघडलं तेव्हा कंपनीनं काय केलं, हे त्यात लिहितो. आता तिकीट काढताना मी आधी तोच रकाना बघतो, भाडं त्यानंतर.

मुंबई-पुण्याच्या माणसाला हे पटायला वेळ लागेल. त्याचं एक विमान चुकलं तर दोन तासांनी दुसरं असतं. आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळाचं तसं नाही. विमानतळ जुना, १९४२ सालचा, ब्रिटिशांच्या हवाई दलानं बांधलेला. नवीन टर्मिनल २०१७ साली झालं. शहरापासून दहा-अकरा किलोमीटर, आत गर्दी नाही, सुरक्षा तपासणी पाच-दहा मिनिटांत उरकते. या सगळ्या सोयी खऱ्याच, पण दिवसाची विमानं मोजकी. एक रद्द झालं की दिवस गेला, नाहीतर टॅक्सी करून हुबळी किंवा गोवा गाठायचं. पावसाळ्यात चोर्ला घाटातून मोपाला, म्हणजे गोव्याच्या विमानतळावर, वेळेत पोचायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.

जुलैत काय झालं ते सविस्तर सांगतो, कारण माझं मत तिथंच बदललं.

कोइमतूरच्या एका पंपवाल्याला नवीन बॉडीचा नमुना दाखवायचा होता. मशिनिंग केलेला नग, वजन ११ किलो ४०० ग्रॅम. गंज धरू नये म्हणून व्हीसीआय कागदात गुंडाळायचा, वर बबल शीट, त्यावर जुन्या टॉवेलची घडी आणि मग कडक कवचाची बॅग. असा लोखंडी गोळा केबिनमध्ये न्यायचा विचारही करू नये, तो चेक-इनलाच टाकायचा. मर्यादा १५ किलोची. म्हणजे कपड्यांना जेमतेम किलोभर उरतं, कारण बॅगेचंही वजन धरतात. मी आदल्या रात्री कारखान्यातल्या काट्यावर बॅग ठेवून बघतो आणि वजन जास्त भरलं तर जादा सामानाचे पैसे घरूनच भरतो. काउंटरवर तेच महाग पडतं.

तिकिटं मी दोन वेगळी काढली होती, बेळगाव–बेंगळुरू एका कंपनीचं आणि पुढचं कोइमतूर दुसरीचं. अकराशे रुपये वाचत होते आणि मध्ये सव्वादोन तास होते. सकाळी सांबऱ्यावर ढग इतके खाली उतरलेले की धावपट्टीचं पलीकडचं टोक दिसेना. पावसाची रिपरिप चालू होती. हवामानाला कुणी काय करणार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण विमान उशिरा आहे हा मेसेज सुटायची वेळ टळून गेल्यावर चाळीस मिनिटांनी आला. काउंटरवर एकच पोरगा, त्यालाही वरून काही कळवलेलं नव्हतं. शेवटी विमान दोन तास वीस मिनिटं उशिरा उडालं.

बेंगळुरूला बॅग पट्ट्यावरून घेऊन धावत गेलो, तेव्हा पुढचं विमान गेलेलं. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, “सर, आमच्याकडे तुम्ही नो-शो आहात.” नियमानं त्यांचं बरोबरच होतं. दोन तिकिटं, दोन पीएनआर (बुकिंगचे नंबर), एकीच्या उशिराशी दुसरीचा संबंध नाही. नवीन तिकिटाला ७,८०० रुपये गेले. संध्याकाळी पोचलो तोवर गिऱ्हाइकाचे क्वालिटीवाले साहेब घरी गेले होते आणि दुसऱ्या दिवशी ते चेन्नईला. तो नग रात्रभर लॉजच्या टेबलावर तसाच गुंडाळलेला पडून राहिला. मोल्डिंगवाल्या पोरांनी त्या नगासाठी दोन रविवार काम केलं होतं, ते डोळ्यांपुढून हलेना.

त्यानंतर पहिला नियम केला. पुढचं विमान पकडायचं असेल तर अख्खा प्रवास एकाच पीएनआरवर. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. पहिलं विमान लांबलं तर पुढची सोय लावणं मग कंपनीच्या गळ्यात असतं आणि बॅग सांबऱ्यातूनच थेट कोइमतूरचा टॅग लावून जाते. वेगवेगळी तिकिटं काढावीच लागली तर मध्ये निदान चार तास ठेवतो आणि बेंगळुरूला टर्मिनल १ की २ हे आधी बघतो. दोन्हींमध्ये बसनं जावं लागतं, त्यात वेळ जातो.

ऑक्टोबरात तसंच मळभ आलं, या वेळी दुसऱ्या कंपनीचं एकच तिकीट होतं. पहाटे पाचला फोन वाजला. आवाज इथल्याच कुणाचा तरी, बोलणं आपल्या वळणाचं. “काका, सकाळचं जाईल असं वाटंना. दुपारच्यात घालू काय तुम्हाला? पुढचं कोइमतूरचं बी बदलून देतो.” म्हटलं, “घाला की!” गिऱ्हाइकाला सहालाच कळवलं, त्यांनी भेट दुसऱ्या दिवशी सकाळची केली. वहीच्या चौथ्या रकान्यात त्या दिवशी ‘फोन केला, पहाटे ५’ एवढंच लिहिलं. त्यानंतरची माझी निम्म्याहून जास्त तिकिटं त्याच कंपनीची आहेत.

आपला हक्क काय हे मात्र प्रत्येकानं माहीत करून घ्यावं. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतलं एक मागता येतं. आगाऊ न कळवता विमान रद्द केलं तर नियमात भरपाईही आहे, पण कारण हवामानाचं असेल तर ती मिळत नाही. म्हणून काउंटरवर कारण विचारून घ्यायचं आणि मेसेज जपून ठेवायचे. दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवावर तक्रार करता येते. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम नोव्हेंबर २०२५ पासून पूर्ण लागू झाले, माणसं कमी पडली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशभर विमानं रद्द झाली. तेव्हा असे मेसेज जपणाऱ्यांना पैशांच्या मागे लागणं सोपं गेलं असणार.

दुसरी गोष्ट जीएसटीची, आणि ती कंपन्यांमध्ये खरोखर फरक दाखवते. इकॉनॉमीच्या तिकिटावर ५ टक्के कर लागतो. धंद्याच्या कामाचा प्रवास असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढा कर कारखान्याच्या करातून वळता होतो, पण तिकीट काढतानाच कारखान्याचा जीएसटी नंबर टाकलेला हवा. आमचे अकाउंट बघणारे काका दर महिन्याला माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे, “तीन तिकिटं टू-बीमध्ये (जीएसटीच्या क्रेडिटच्या यादीत) दिसत नाहीत.” दिसत नव्हती ती बहुतेक तिऱ्हाईत ॲपवरून काढलेली, ॲपनं नंबर पुढे पाठवलाच नव्हता. आता थेट कंपनीच्या साइटवरून कॉर्पोरेट भाड्यानं काढतो. लहान उद्योगांनाही ते मिळतं, जीएसटी नंबर लागतो एवढंच. भाडं थोडं जास्त दिसतं, पण तारीख बदलायचा दंड कमी असतो, खाणंही त्यातच येतं. गिऱ्हाइक तारीख बदलणारच हे धरून चालणाऱ्याला हेच स्वस्त पडतं. आठ महिन्यांत क्रेडिट दहा हजारांच्या आसपास झालं. लहान कारखान्याला ही रक्कम सोडून देण्यासारखी नाही.

पॉइंट गोळा करण्यात मला फारसा राम दिसला नाही. आपल्या मार्गांवर पर्यायच इतके कमी की पॉइंटसाठी कंपनी निवडायची चैन परवडत नाही.

बसण्याबद्दल थोडं. एटीआर हे पंख्याचं विमान, दोन-दोनच्या रांगा. दार मागच्या बाजूला आहे, म्हणून मागची जागा घेतली की लवकर उतरता येतं आणि पंख्याचा आवाजही कमी लागतो. ५० आसनांच्या एम्ब्राएरमध्ये डावीकडे एकट्याची रांग असते. तिथं लॅपटॉप उघडून ड्रॉइंग बघताना शेजारच्याचं कोपर लागत नाही. दोन्हींत डोक्यावरचे कप्पे लहान, चाकांची मोठी बॅग पायऱ्यांपाशीच काढून घेतात. कुंद्याचा (बेळगावच्या मिठाईचा) डबा पाठीच्या सॅकमध्ये ठेवावा, तो पायांपाशी नीट राहतो.

मला मनापासून काळजी वाटते ती मार्ग टिकण्याची. ‘उडान’ योजनेच्या तिसऱ्या फेरीत बेळगाव आलं आणि बघता बघता किती गावं जोडली गेली. पण या योजनेत सरकार तूट भरून देतं ते तीन वर्षं. ती मुदत संपली की कंपनी हिशेब घालते आणि मार्ग बंद होतो. गिऱ्हाइकाला ‘दोन तासांत येतो’ असा शब्द दिलेला असतो आणि पुढच्या वेळापत्रकात ते विमानच नसतं. म्हणून मी कंपनीचं वेळापत्रक दर हंगामाला, मार्चअखेरीस आणि ऑक्टोबरअखेरीस, नव्यानं बघतो. विमानं भरून गेली तर मार्ग राहतील. उद्यमबाग, मच्छे, वाघवडे इथल्या कारखानदारांनी एकत्र बसून सकाळी जाऊन रात्री परत येता येईल अशा वेळांची मागणी लेखी करायला हवी, असं मी असोसिएशनच्या बैठकीत दोनदा बोललो आहे आणि पुन्हा बोलणार आहे.

पीण्याला जायचं असेल तर मात्र मी विमान सोडतो. देवनहळ्ळीहून, म्हणजे बेंगळुरूच्या विमानतळावरून, पीण्याला जाताना ट्रॅफिकमध्ये दीड-दोन तास सहज जातात. रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं सकाळी यशवंतपूरला उतरलं की पीण्या हाकेवर आणि नगाच्या वजनाची कटकट नाही. ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव–बेंगळुरू वंदे भारत सुरू झाली. गाडी छान आहे, पण पहाटे निघून दुपारी पोचते, त्यात अर्धा कामाचा दिवस जातो. परत येताना मात्र तिचा उपयोग होतो.

पुढच्या मंगळवारी पुन्हा कोइमतूर आहे. या वेळचा नग ९ किलो ८०० ग्रॅमचा, भिंतीची जाडी कमी करून बसवलाय. तिकीट एकाच पीएनआरवर आहे आणि भेट मुद्दाम बुधवारी सकाळी दहाची घेतली आहे.