निरीक्षण गृहासमोरची बिनपाटीची खानावळ

या खानावळीला पाटी नाही. गावाचं नावही मी लिहिणार नाही, कारण तिथल्या निरीक्षण गृहात, म्हणजे गुन्ह्याच्या चौकशीपर्यंत अल्पवयीन लेकरांना ठेवतात तिथं, माझा मुलगा आहे आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ सांगतं की अशा लेकराची ओळख उघड करायची नाही. पश्चिम विदर्भातलं जिल्ह्याचं ठिकाण, एवढं पुरे. ज्यांना तिथं जावं लागतं त्यांना खानावळ शोधावी लागत नाही. मोठ्या लोखंडी फाटकासमोर कडुनिंब, त्याखाली टिनाचं शेड, आणि शेडच्या तोंडाशी मातीची चूल.

श्रावणापासून मी तिथं चौदा रविवार जेवले. गावच्या जिल्हा परिषद शाळेत बारा वर्षांपासून मी पोषण आहार शिजवते, तेव्हा चव आणि कष्ट दोन्ही मला ओळखू येतात. या जेवणाबद्दल कोणीतरी नीट लिहायला पाहिजे असं फार दिवस वाटून राहिलं होतं.

ताट ऐंशी रुपयांचं. दोन ज्वारीच्या भाकरी, एक भाजी, पाटोडीचा रस्सा नाहीतर कढीगोळे, भात, कांदा, ठेचा. जास्तीची भाकर पंधरा रुपये. भाकरीपासून सुरू करते. खानावळ चालवणाऱ्या मावशी पीठ उकळत्या पाण्यात मळतात, म्हणून दुपारी एक वाजताची उरलेली भाकरसुद्धा कडक होत नाही. चुलीत पऱ्हाटी असते, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या. पऱ्हाटीचा जाळ भसकन उठतो आणि तसाच बसतो, त्यावर भाकर सांभाळणं सोपं नाही. त्यासाठी एक म्हातारी नुसती जाळ सारत बसलेली असते. तव्यावरून काढून निखाऱ्यापाशी उभी केली की भाकर टम्म फुगते आणि कडेला जरा करपते. तो करपलेला वास घरी गॅसवर येत नाही.

पाटोडीचं बेसन चांगलं आटवून थापलेलं असतं, वड्या रश्शात विरघळत नाहीत. काळा मसाला घरचा आहे, भाजलेलं सुकं खोबरं आणि खसखस जिभेला कळते. तर्री मात्र फार. मला दोन रविवार परतीच्या एसटीत जळजळ झाली. आधी सांगितलं तर मावशी वरचं तेल बाजूला सारून खालचा रस्सा वाढतात, न सांगता कोणी वाढणार नाही.

पण जायचं ते कढीगोळ्यांसाठी. हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटतात, अगदी बारीक नाही. कढीला उकळी आली की आधी एकच गोळा सोडतात आणि थांबतात. तो फुटला नाही, वर आला, की मग बाकीचे. मी चुलीपाशी उभी राहून पाहिलं आहे, गर्दी कितीही असली तरी मावशी ही घाई करत नाहीत. वरून ठेचलेला लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. वाटीत चार गोळे.

एवढं बारीक मला पाठ आहे त्याला कारण आहे. आत बाहेरचं शिजवलेलं काही घेत नाहीत. पहिल्या रविवारी मी रव्याचे लाडू नेले होते, डबा फाटकावरूनच परत मिळाला. नियम का आहे ते मला समजतं. तरी तो भरलेला डबा घेऊन रस्ता ओलांडताना माझे पाय चालत नव्हते. मावशींनी काही विचारलं नाही. तांब्याभर पाणी ठेवलं आणि म्हणाल्या, "माय, पहिले जेवून घे. भेटीले अजून वेळ हाय." त्या दिवशी लाडू खानावळीतल्या सगळ्यांच्या ताटात एकेक गेले.

मग आत गेले. वीस मिनिटांची भेट. तो मान वर करेना, मला शब्द सापडेना. शेवटी त्यानंच विचारलं, "माय, जेवली का तू?" हो म्हटलं. "काय होतं?" मी सगळं ताट सांगितलं, भाकरीपासून ठेच्यापर्यंत. तेव्हापासून दर रविवारी तो आधी हेच विचारतो. ठेचा हिरव्या मिरचीचा होता का लाल, गोळे किती होते, मध्येच असं विचारतो. आत त्याला दोन वेळा पोटभर मिळतं, तशी माझी तक्रार नाही. पण मी त्याला काही देऊ शकते ते एवढंच, म्हणून जेवताना मी लक्ष देऊन जेवते.

तो सोळा वर्षांचा आहे. गावातल्या दोन मोठ्या माणसांसोबत रात्री विहिरींवरच्या मोटारींची केबल कापायला गेला. आतलं तांबं भंगारात विकतात. ज्यांच्या केबल कापल्या ते आमच्याच शिवारातले, आमच्यासारखेच तीन-चार एकरवाले, आणि ऐन पावसाच्या खंडात त्यांचं ओलित थांबलं. चूक त्याची आहे. मी त्या तिन्ही शेतकऱ्यांच्या घरी जाऊन माफी मागून आले. एकानं पाणी दिलं, दोघांनी दार उघडलं नाही.

लेकराला जामीन बहुतेक मिळतो. पण सुटून ते पुन्हा गुन्हेगारांच्याच संगतीत जाईल असं दिसलं तर बाल न्याय मंडळ, म्हणजे लेकरांचे खटले पाहणारं कोर्ट, तो नाकारू शकतं. आमचं तसंच झालं. ते दोघं मोठे आता बाहेर आहेत, गावातच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून.

यातलं बरंच काही मला या खानावळीच्या बाकावर समजलं. रविवारी दहापासून इथं सगळे आमच्यासारखेच बसलेले असतात. कोणी कोणाला 'तुमच्या पोरानं काय केलं' असं विचारत नाही, तारीख कधी एवढंच विचारतात. मी आधी एका खासगी वकिलाला कानातल्या बाळ्या गहाण ठेवून नऊ हजार दिले होते, तो दोन तारखांना आलाच नाही. शेजारी जेवणाऱ्या एका आजोबांनी सांगितलं की १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला आणि लेकराला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोन करा. आता एक मॅडम आमचं काम पाहतात. त्यांनी मला नीट बसवून सांगितलं की मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यात एक तरी बाई असते, आणि पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत चौकशी संपवायची, फार तर दोन महिने वाढवून मिळतात. चार महिने आमचे मार्गशीर्षात भरतात. त्याचा दहावीचा गणिताचा पेपर राहिला आहे, परीक्षेसाठी बाल न्याय कायद्याच्या कलम ९८ खाली रजा मागता येते हेही त्यांच्याकडूनच कळलं. आणि गावात लोक म्हणतात ना, पोट्ट्याचं आयुष्य संपलं, आता त्याले नोकरी भेटत नाही, त्यावर मॅडमनी कलम २४ दाखवलं. लेकरू म्हणून केलेल्या गुन्ह्यामुळे त्याला पुढं अपात्र धरता येत नाही. तो कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला आहे.

आता चाकणचं सांगते, कारण त्यावरही मी निम्मा विचार याच बाकावर केला.

माझे मालक दिवाळीपासून चाकणला एका गोदामात आहेत. तिथल्या कॅन्टीनच्या ठेकेदाराला भाकरी-पोळीला बाई पाहिजे. चौदा हजार आणि खोली. इथं माझं मानधन अडीच हजार, वेचणीच्या दिवसांत दुपारनंतर कापूस वेचते तेव्हा वरचे थोडे मिळतात. मुलगी आठवीत आहे, तिला तिकडच्या शाळेत घालता येईल. मुलाच्या घरची परिस्थिती पाहून मंडळाला कळवणारे परिविक्षा अधिकारी सामाजिक तपासणीसाठी घरी आले होते तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न हाच केला, सुटल्यावर मुलगा राहील कुठं, आणि त्याच्यावर लक्ष कोण ठेवेल. गावात राहीन म्हटलं तर ते दोघं दोन गल्ल्यांवर. चाकणला बाप आहे, काम आहे, ओळखीचं कोणी नाही. कागदावर चाकणच बरं दिसतं.

पण आज तो आत आहे. चाकणच्या कॅन्टीनला सुट्टी गुरुवारची आणि इथली भेट रविवारची. रजा मिळालीच तरी एका भेटीसाठी दोन रात्री गाडीत. गावाहून मी सव्वासहाच्या एसटीनं साडेनऊला इथं पोचते, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे म्हणून दर आठवड्याला परवडतं. तिकडून महिन्यात एकदा जमलं तरी खूप. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, जायचं तर मंडळाला आधी लेखी कळवा, न कळवता घर हलवलं तर पोराच्याच अंगावर येईल. पुढं तिकडच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्याला ठेवता येतं का ते मंडळ ठरवेल.

मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्या भाकर थापत होत्या. "तुह्या जागी मी असती तं गेली असती," म्हणाल्या. परातीवरचं पीठ गोळा केलं, दुसरा उंडा घेतला. मग म्हणाल्या, "पण पोराचा निकाल लागू दे." मी ठेकेदाराला तेच सांगितलं, मंडळाचा हुकूम होईस्तोवर थांबा. तो एक तारखेपर्यंत थांबतो म्हणाला. एक तारीख मार्गशीर्षाच्या आधी येते.

खानावळीचे दोषही लिहिले पाहिजेत. बायकांसाठी मोरी नाही. लांबून आलेल्या बाईला बसस्टँडपर्यंत जावं लागतं, आणि तोवर भेटीचा नंबर निघून जाईल ही धास्ती. याला मी एक तारा पूर्ण कापते, मावशींना तोंडावर सांगितलंही आहे. भात गिचका होतो, कारण मोठ्या गंजात एकदाच शिजवून झाकून ठेवतात. थोडं पाणी कमी आणि दोन खेपांत केला तर मोकळा होईल. चहा इतका गोड की साखरेचा त्रास असलेल्यांनी घेऊच नये. बाकं उंच आहेत, म्हाताऱ्या माणसांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. फोनवरून पैसे देता येतात पण टिनाखाली रेंज मिळत नाही, रोख ठेवा. मंगळवारी बंद. रविवारी अकरानंतर जागा मिळत नाही, आणि कढीगोळे साडेअकराच्या आत संपतात.

आणि एक. पैसे नसतील तर मावशी वहीत लिहून घेतात, नाव नाही, नुसती तारीख. आठव्या रविवारी माझ्याकडे परतीच्या तिकिटापुरतेच होते. पुढच्या रविवारी ऐंशी दिले तेव्हा त्यांनी वही न उघडताच घेतले.

पाचपैकी चार तारे.

परवाच्या भेटीत मी त्याला चाकणचं सांगितलं. लपवून ठेवायचं नव्हतं. त्यानं बराच वेळ टेबलाची कड नखानं खरडली. मग म्हणाला, "तिथं रोज किती भाकरी करा लागन तुले?" दोनशे तरी, म्हटलं. "हात दुखन." मी म्हटलं, सवय आहे. तेवढ्यात वेळ संपली आणि ताट सांगायचं राहून गेलं.

बाहेर येताना मावशी म्हणाल्या, येत्या रविवारी आंबाडीची भाजी करणार आहेत, ज्वारीच्या कण्या घालून. त्याला आंबाडी आवडत नाही, लहानपणापासून तोंड वाकडं करतो. तरी सांगीन.